पियानोवरील वाद्यवृंद : काही गैरसमज

व्हायोलिन कॉन्चेर्टोतील वाद्यवृंदाची साथ पियानोच्या दोन हातांत आणून बसविणे हे नकलनविसाचे काम होय, असा समज जाणत्या मंडळींतही आढळतो; परंतु ब्राम्सने १८७८ मधील आपल्या कॉन्चेर्टोचे पियानो-रूपांतर इतरांच्या हवाली न करता स्वतः सिद्ध केले, आणि त्याच वर्षी चायकोव्हस्कीने स्वित्झर्लंडमध्ये रचलेला कॉन्चेर्टो १८८१ साली व्हिएन्नात वाद्यवृंदासह प्रथम वाजला, त्याच्या तीन वर्षे अगोदरच त्याने स्वतः केलेल्या पियानो-साथीसह तो मुद्रित झाला होता.

जितके अधिक सूर राखावेत तितके रूपांतर प्रामाणिक, ही दुसरी समजूत अधिक घातक आहे. व्हायोलिनवादकाचा कान ज्यांवर विसंबून असतो ते खर्जाचे सूर, स्वरसंघांचे पालट, लयीचा ठेका आणि त्याच्या प्रवेशापूर्वी येणारी खुणेची ओळ एवढे स्पष्ट राहावे म्हणून बाकीच्या भरणीचा निःसंकोच त्याग करणे, हाच माझ्या मते या कलेचा गाभा आहे. तंतुवाद्यांवरील कंप जसाच्या तसा एकाच पट्टीवर वाजविण्याचा हट्ट धरल्यास हात जड होतो आणि नाद कर्कश. म्हणून तो दोन सुरांत विभागून आलटूनपालटून वाजविण्याची तजवीज करावी लागते.

पियानोचा सूर उमटताक्षणीच क्षीण होऊ लागतो, ही अडचण मात्र कोणत्याही युक्तीने सर्वस्वी टळत नाही. १८४५ साली लाइपझिग येथे प्रथम सादर झालेल्या मेंडेल्सनच्या कॉन्चेर्टोत पहिला भाग गर्जत संपतो, तेव्हा एकटा बासून आपला सूर धरून ठेवतो आणि अर्ध्या स्वराने वर चढून श्रोत्यांना दुसऱ्या भागाच्या दाराशी नेतो. पियानोवादकाने अखेरच्या स्वरसंघात तो सूर ठळकपणे वाजवून इतर पट्ट्या सोडाव्यात, किंवा तो हळुवारपणे पुन्हा छेडावा. कसेही केले तरी हा दुवा तुटता कामा नये.

साथीदाराने सदैव मागे राहावे, या उपदेशालाही याच कृतीत सुंदर अपवाद आहे. पहिल्या भागातील एकल आलापानंतर व्हायोलिन चपळ स्वरमालिका विणीत राहते व मुख्य सुरावट वाद्यवृंदाकडे जाते. तेथे पियानो दबून राहिला, तर मूळ विषयच हरवतो. बेथोव्हेनच्या १८०६ मधील कॉन्चेर्टोच्या आरंभीचे टिंपनीचे चार एकाकी ठोके सबंध पहिल्या भागाचे बीज असल्यामुळे, त्यांना स्वरसंघांचा साज न चढविता, एकेरी सुरांतच आणि अढळ लयीत वाजविले पाहिजे.

छापील प्रत म्हणजे अखेरचा हुकूम, असेही मानण्याचे कारण नाही. अनुभवी पियानोवादक मूळ स्वरलेख शेजारी ठेवून, अवघड ओळी वगळून किंवा खर्ज अष्टकाने खाली नेऊन, आपली प्रत दुरुस्त करून घेतात. परीक्षांत वाद्यवृंदाचे दीर्घ भाग आखूड करण्याचीही रीत आहे, मात्र व्हायोलिनच्या प्रवेशाआधीच्या मात्रा तेथेही शाबूत ठेवाव्या लागतात.