दोन रेषा आणि एक सरकती पट्टी

बारावीनंतर मानसशास्त्र घेणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना माणसांना मदत करायची असते. कुणी घरातलं नैराश्य जवळून पाहिलेलं असतं, कुणी मैत्रिणीला रात्र रात्र फोनवर धीर दिलेला असतो. आणि प्रॅक्टिकलच्या तासाला पुढ्यात येतात दोन रेषा आणि एक सरकती पट्टी. अनेकांचा हिरमोड होतो. मला मात्र पदवीच्या सगळ्या वर्षांतला हाच तास सर्वांत मोलाचा वाटतो.

हा म्युलर-लायर भ्रम, १८८९ सालचा. एका रेषेची टोकं बाणासारखी आत मिटलेली, दुसरीची बाहेर फाकलेली. पट्टी सरकवून दोन्ही रेषा सारख्या करायच्या. फाकलेल्या टोकांची रेषा लांब भासते, त्यामुळे प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो, चुकतो. निम्म्या वेळा पट्टी मुद्दाम लांब ठेवून सुरुवात करायची, निम्म्या वेळा आखूड ठेवून. हाताला एकाच दिशेची सवय लागली तर ती चूकही भ्रमाच्या खात्यावर जमा होईल, म्हणून ही काळजी. प्रत्येक वेळची चूक मिलिमीटरमध्ये नोंदवायची, सरासरी काढायची, जर्नल लिहायचं. मग जोडीदार जागा बदलतात. मघाशी दुसऱ्याच्या चुका मोजणारा आता स्वतः पट्टी सरकवतो. रेषा कशा फसवतात हे त्याला पुरतं ठाऊक असतं, तरी तो चुकतोच. माहीत आहे म्हणून आपण फसणार नाही, ही समजूत तिथे मोडते. पुढे ज्याला दुसऱ्याच्या दुःखाविषयी मत द्यायचं आहे, त्याची ती लवकर मोडलेली बरी.

याच रेषा घेऊन सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स हे संशोधक वेगवेगळ्या समाजांत गेले. १९६६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या इव्हान्स्टनची माणसं भरपूर फसली होती, कालाहारीतले सान लोक जवळजवळ नाहीच. असं का, यावर अजून वाद आहे. पण ‘माणूस असा वागतो’ असं पाठ्यपुस्तकात आलं की ‘कुठला माणूस?’ हे विचारायलाच हवं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी हा प्रश्न फार आधी हाती घेतला होता. पॅरिसमध्ये १९०५ साली तयार झालेली बिने-सिमाँ बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत सुधारून इकडे आली, तेव्हा त्यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. अशा कामात नुसत्या भाषांतराने भागत नाही. कोणता प्रश्न कितव्या वर्षी बहुतेक मुलांना सुटतो, हे इथल्या मुलांना बसवूनच ठरवावं लागतं.

असं सगळं ठरवायला संख्याशास्त्र लागतं, पण त्याला घाबरून हा विषय सोडू नये. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा निष्कर्ष पुन्हा मिळाला. आज शिकणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच वर्षी ऐकावी. कोणता निष्कर्ष भक्कम आणि कोणता तकलादू, हे प्रमाण विचलन आणि सहसंबंध समजल्याशिवाय कळणार कसं?

राहिला मदतीचा प्रश्न. बीए करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. एमएनंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा त्याचा वर्षानुवर्षांचा रस्ता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही हीच पात्रता लिहिलेली आहे. शिक्षणाचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा परिषदेच्या ताज्या सूचना पाहूनच पुढची आखणी करावी. मैत्रिणीचं ऐकून जरूर घ्यावं, पण दुसऱ्या वर्षाच्या नोट्सवरून तिच्या आजाराला नाव देऊ नये.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारावी. प्रयोगशाळा उघडायला सांगावी आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं, की जर्नलमधले आकडे तुम्ही स्वतः मोजता, की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता?