डोंगरातल्या शाळा आणि हिदेबाई

शिक्षकांची चरित्रे वाचणे हा माझा जुना छंद. कॅनडात लेकीकडे जाऊ लागल्यापासून तो तिकडेही पोचला, आणि हिदे ह्योदो शिमिझू या बाईंपाशी येऊन थांबला. सावित्रीबाई, ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांच्या पंगतीत मी त्यांना मनोमन केव्हाच बसवले आहे.

हिदेबाईंचा जन्म १९०८ सालचा, व्हँकुव्हरचा. आईवडील जपानहून आलेले. शिक्षक-प्रशिक्षण पुरे करून १९२६ साली त्या स्टीव्हस्टन या कोळ्यांच्या गावी लॉर्ड बिंग शाळेत रुजू झाल्या. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी शाळांत जपानी वंशाची शिक्षिका तोवर नव्हती, आणि १९४२ पर्यंत दुसरी झालीही नाही. मुले शिकवता येत होती, मत मात्र देता येत नव्हते. १९३६ मध्ये मताधिकार मागायला चौघे जण ऑटावाला संसदीय समितीपुढे गेले. त्यांत त्या एकट्याच स्त्री. सोबतचे सॅम्युएल हायाकावा पुढे अमेरिकेत सिनेटर झाले. समितीने मागणी फेटाळली. मताधिकार मिळायला १९४९ साल उजाडले.

मधला इतिहास थोडक्यात सांगते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातून सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या लोकांना हलवले. त्यांतले बहुतेक जन्माने वा नागरिकत्वाने कॅनेडियन होते. घरे, होड्या, शेती सरकारने ताब्यात घेऊन विकून टाकली. स्लोकन, न्यू डेन्व्हर, सँडन, कास्लो, ताश्मी अशा दूरच्या ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळते. प्रांतिक सरकारने या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी झटकली. केंद्राने फक्त प्राथमिक शाळांचा खर्च उचलला. बालवाड्या आणि हायस्कुले चर्चच्या मंडळींनी चालवली. शाळेला मुले होती, शिक्षक नव्हते. व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जिथे प्रदर्शनाच्या गुरांच्या गोठ्यांत कुटुंबे कोंबली होती, तिथे हिदेबाईंनी वर्ग सुरू केले. स्टीव्हस्टनची नोकरी सांभाळून हे काम. पुढे छावण्यांतल्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. तेरुको हिदाका ही त्यांची सहकारी.

शिक्षक आणायचे कुठून? छावणीतच नुकत्या हायस्कूल झालेल्या पोरी होत्या, काही पोरेही. त्यांनाच उभे केले. न्यू डेन्व्हरला उन्हाळी वर्ग भरले, व्हँकुव्हरच्या प्रशिक्षण शाळेचे अध्यापक येऊन शिकवून गेले. वर्षभर हिदेबाई छावणीछावणीने फिरत. अवघड पाठ घेऊन दाखवत आणि धीर देत. अभ्यासक्रम प्रांताच्या इतर शाळांचाच ठेवला. याचे मोल मला फार मोठे वाटते, कारण छावणी उठल्यावर मूल बाहेरच्या शाळेत मागे पडणार नाही, हा विचार त्यामागे होता. जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड सुझुकी आणि ‘ओबासान’ कादंबरीच्या लेखिका जॉय कोगावा ही दोघे लहानपणी स्लोकनमध्येच होती.

न्यू डेन्व्हरचे स्मारक केंद्र मी लेकीसोबत पाहिले. तिथे जपून ठेवलेली खोपटी आहेत. बहुतेक १४ बाय २८ फुटांची, अनेकदा दोन कुटुंबांत मिळून एक. लाकूड ओले, त्यामुळे फळ्या सुकताना फटी पडत आणि थंडी आत येई. अशा घरात दिव्याजवळ बसून उद्याचा पाठ तयार करणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मला तिथे सतत आठवत राहिली. कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी गुराखी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, छावणीतली शाळा ही तिचीच बहीण. मुले शाळेत येऊ शकत नसतील तर शाळेने मुलांकडे जायचे.

युद्धानंतर हिदेबाई टोरांटोला गेल्या. १९४८ मध्ये पाद्री कोसाबुरो शिमिझू यांच्याशी लग्न केले आणि चर्चच्या व समाजाच्या कामात रमल्या. १९८२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला. २२ सप्टेंबर १९८८ रोजी सरकारने संसदेत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१ हजार डॉलर देऊ केले, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. १९९९ मध्ये त्या गेल्या.

मला सर्वांत भावतो तो छावण्या उठल्यानंतरचा भाग. छावण्यांतल्या त्या शिक्षिका म्हातारपणी एकत्र आल्या. त्यांनी मंडळ काढले, आठवणी लिहिल्या, एकमेकींचे तपशील पडताळले. फ्रँक मोरित्सुगु यांच्यासह २००१ साली ‘टीचिंग इन कॅनेडियन एक्झाइल’ हे पुस्तक निघाले. नोकरी संपली तरी शिक्षिकेचे काम संपत नाही, हे मी एरवीही मानतेच. पण ज्या काळाची नोंद सरकारी दप्तरात नीट होणार नव्हती, ती या निवृत्त बायकांनी स्वतः केली, याचा मला विशेष आदर वाटतो. भगिनीमंडळे हळदीकुंकवापुरती नसतात. इतिहास राखण्याची ताकद त्यांच्यात असते.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या किती बाईंनी वाडीवस्तीवर शाळा उभ्या केल्या! त्यांतल्या कित्येक अजून आहेत, बोलत्या आहेत. या दिवाळीत तुमच्या शाळेच्या जुन्या बाईंकडे फराळ घेऊन जा, आणि निघताना वही-पेन पिशवीत टाकायला विसरू नका.