दोन कर्मं, एक क्रम

मराठीत ‘मला’मधला ‘ला’ नातं सांगतो. म्हणून ‘तिने मला पुस्तक दिलं’ आणि ‘पुस्तक तिने मला दिलं’ दोन्ही चालतं. इंग्रजीत नातं शब्दाच्या जागेवरून कळतं.

• आधी व्यक्ती, मग वस्तू : ‘शी गेव्ह मी द बुक.’
• वस्तू आधी आली, तर ‘टू’ हवा : ‘शी गेव्ह द बुक टू मी.’
• वस्तूऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल, तर सहसा ‘गिव्ह इट टू मी’ म्हणतात.
• ‘क्विकली’सारखं क्रियाविशेषण दोन कर्मांच्या मध्ये घालू नये, ते क्रियापदाआधी किंवा वाक्याच्या शेवटी येतं.
• ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’ला दोन कर्मांची रचना चालत नाही. ‘एक्सप्लेन मी धिस’ चूक. ‘एक्सप्लेन धिस टू मी’ बरोबर.