भिवंडीच्या यंत्रमागांचीं वीजजोडणीचीं दप्तरें व त्यांचें वाचन

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर, कौलनामे व ताकीदपत्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं जमविण्यांत व लावण्यांत संशोधकांच्या तीन-चार पिढ्या खपल्या, आणि तें काम अद्यापि संपलेलें नाहीं. परंतु ज्या भिवंडीचा गेल्या शतकाचा इतिहास बव्हंशीं यंत्रमागाचा इतिहास आहे, त्या गांवाचा शोध करणारास एका निराळ्या जातीच्या दप्तराची ओळख करून घ्यावी लागेल. तें दप्तर म्हणजे कारखान्यास वीज मिळविण्याकरितां केलेल्या अर्जापासून पहिल्या बिलापर्यंतचे सर्व कागद. आज जुने माग भंगारांत निघत आहेत, कित्येक कारखान्यांच्या जागीं गुदामें उभीं राहिलीं आहेत, आणि हीं पुडकीं मागांबरोबरच वजनानें विकलीं जात आहेत. तेव्हां या कागदांचा क्रम कोणता, ते कशाचा पुरावा होऊं शकतात व कशाचा होऊं शकत नाहींत, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. भिवंडी हें ठाणें जिल्ह्यांतील कामवारी नदीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेकडे उतरलेल्या मोमीन विणकरांपैकीं पुष्कळ कुटुंबें मालेगांव, भिवंडी इत्यादि ठिकाणीं स्थायिक झालीं व तेथील हातमागाच्या धंद्यास बळ आलें. विसाव्या शतकांत हातमागाची जागा क्रमाक्रमानें यंत्रमागानें घेतली. येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. यंत्रमाग व विजेचा माग हे समानार्थक शब्द नव्हेत. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला तो १९०४ सालीं. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून मुंबईस वीज मिळूं लागली ती १९१५ सालीं. तेल-एंजिनानें एक लांब दांडा फिरवावयाचा व त्यावरून पट्ट्यांनीं एकेक माग चालवावयाचा, ही रीत विजेच्या मोटरीपूर्वींची आहे. अर्थात् जोडणीच्या तारखेवरून कारखान्याचा आरंभ ठरवूं नये, हा या दप्तरांच्या वाचनाचा पहिला नियम होय.

आतां अर्जदाराचा हक्क कोठून येतो तें पाहूं. १९१० च्या भारतीय वीज कायद्याच्या २२ व्या कलमानें, परवानाधारकाच्या क्षेत्रांत इतरांस ज्या अटींवर वीज मिळते त्याच अटींवर ती मागण्याचा हक्क प्रत्येकास दिला. त्या कायद्याच्या परिशिष्टांत पुरवठ्यास एक महिन्याची मुदत सांगितलेली होती, आणि जवळच्या वितरणवाहिनीपासून शंभर फुटांपलीकडे जी तार न्यावी लागेल तिचा खर्च मागणाऱ्यानें सोसावा अशी तरतूद होती. जुन्या कागदांवर वाहिनीपासून कारखान्यापर्यंतचें अंतर फुटांनीं मोजलेलें दिसल्यास तें या तरतुदीच्या अनुरोधानें वाचावें. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमानेंही जागेच्या मालकाचा अथवा भोगवटादाराचा अर्ज आल्यापासून एक महिन्यांत वीज देणें हें वितरकाचें कर्तव्य ठरविलें, व कसूर झाल्यास दर दिवसास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. पुढें केंद्रसरकारच्या २०२० च्या ग्राहकहक्कांच्या नियमांनीं ही मुदत महानगरांत ७, इतर नगरपालिकांच्या क्षेत्रांत १५ व ग्रामीण भागांत ३० दिवसांवर आणली. २०२४ च्या दुरुस्तीनें तीच अनुक्रमें ३, ७ व १५ दिवस झाली. वाहिनी वाढवावी लागल्यास अथवा नवें उपकेंद्र उभारावें लागल्यास अधिक मुदत मिळते. अर्जाची तारीख व मीटर बसविल्याची तारीख यांत मोठें अंतर दिसलें तर वाचकानें प्रथम हाच विचार करावा कीं, त्या गल्लींत वाहिनी तेव्हां पोंचली होती कीं नाहीं. अशीं दहा-वीस दप्तरें एकत्र मिळालीं तर कोणत्या मोहल्ल्यांत वीज केव्हां गेली याचा नकाशाच तयार होईल.

दप्तर पूर्ण असेल तर त्यांत साधारणतः सहा प्रकारचे कागद असतात. पहिला अर्ज, वीज मंडळाच्या व्यवहारांत तो 'ए-वन फॉर्म' या नांवानें ओळखला जातो. त्यांत अर्जदाराचें नांव, जागा, वीज कोणत्या कामास पाहिजे व किती भार पाहिजे हें लिहिलेलें असतें. दुसरा जागेचा पुरावा: खरेदीखत, भाडेपावती किंवा घरपट्टीची पावती, भाडेकरू असल्यास मालकाचें संमतिपत्रही आढळूं शकेल. तिसरा वितरकाच्या माणसानें जागेवर येऊन केलेल्या पाहणीचा. चौथा खर्चाचा अंदाज. त्यास सर्वत्र 'कोटेशन' म्हणतात, व तें भरल्याची पावती त्यालाच जोडलेली असते. त्यांत जोडणीचा खर्च निराळा व अनामत रक्कम निराळी दाखविलेली असते, आणि या दोन रकमा एक समजूं नयेत. खर्चाची रक्कम गेली ती गेली, अनामत मात्र ग्राहकाच्या नांवानें जमा राहते. पांचवा परवानाधारक वायरिंग कंत्राटदाराचा चाचणी-अहवाल. कारखान्यांतील वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घेण्याचा व जोडणीपूर्वीं तें तपासण्याचा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता, व आजच्या सुरक्षानियमांतही तो आहे. सहावा करार, मीटर बसविल्याचा अहवाल व पहिलें बिल.

या सहांपैकीं कोणता अधिक मोलाचा असें कोणी विचारल्यास आम्ही चाचणी-अहवाल म्हणूं. अर्जांत मागितलेला भार ही इच्छा असते. अहवालांत प्रत्यक्ष बसविलेल्या मोटरी व त्यांची अश्वशक्ति यांची नोंद असते. रद्दींतून कागद निवडणारे मात्र बिलें ठेवतात आणि हा मळका, तेलाचे डाग पडलेला कागद टाकून देतात.

तारीख फाटलेली असल्यास कालनिर्णय कसा करावा? येथें सनदांच्या शिक्क्यांप्रमाणेंच कागदाचा मथळा उपयोगी पडतो. मुंबई राज्याचें वीज मंडळ १९५४ सालीं स्थापन झालें. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजीं. म्हणून या दुसऱ्या मंडळाचा मथळा असलेला कागद त्या तारखेपूर्वींचा असूं शकत नाहीं. जून २००५ मध्यें मंडळाचें विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडींतील वितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोंपविण्यांत आलें. प्रथम मुदत दहा वर्षांची होती, ती पुढें वाढविण्यांत आली. या व्यवस्थेंत परवाना महावितरणचाच राहिला, यास्तव एकाच दप्तरांत दोन्ही नांवें आढळल्यास त्यांत विसंगति मानूं नये. याशिवाय दोन लहान खुणा: रक्कम आणे-पैंत असेल तर तो छापील नमुना १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यापूर्वींचा, आणि पत्त्यांत पिन क्रमांक असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या पूर्वींचा नाहीं. जुने छापील नमुने संपेपर्यंत वापरण्याची कचेऱ्यांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून मथळ्यावरून कागदाची आरंभमर्यादा निश्चित होते, अंतमर्यादा नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. वीजजोडणीचें दप्तर हें स्वरूपानें लिखित खरें, पण तें ज्याची साक्ष देतें ती भुक्ति होय, स्वामित्व नव्हे. कायद्यानें अर्जाचा अधिकार मालक अथवा भोगवटादार असा दोघांनाही दिलेला असल्यामुळें, बिलावर ज्याचें नांव तो त्या जागेचा मालक होता असें म्हणतां येत नाहीं. मागांचा मालक तर आणखी तिसराच असूं शकेल. जागा एकाची, माग दुसऱ्याचे, सूत तिसऱ्याचें व विणणारा मजुरीवर, ही मांडणी भिवंडींत अपरिचित नाहीं. केवळ बिलावरील नांवावरून एखाद्या घराण्यास कारखानदार ठरविणें म्हणजे कुळाच्या पावतीवरून त्यास वतनदार ठरविण्यासारखें आहे.

मंजूर भारावरून मागांची संख्या काढतांनाही असाच संयम पाहिजे. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ०.७४६ किलोवॅट. महाराष्ट्रांत यंत्रमागांच्या वीजसवलतींत २७ अश्वशक्ति, म्हणजे सुमारें २० किलोवॅट, ही सीमा महत्त्वाची आहे. साध्या मागाची मोटर एक अश्वशक्तीची धरली तर चोवीस माग, कांडी भरण्याचें यंत्र व दिवे इतक्यांत ती सीमा गांठली जाते. समजा, एकाच भिंतीच्या आंत चार भावांच्या नांवें चार जोडण्या आढळल्या. त्यावरून वांटणी झाली होती असें एक अनुमान निघतें. सवलतीच्या सीमेंत राहण्याकरितां भार विभागला होता असें दुसरें. आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत दहा कामगार झाले कीं १९४८ चा कारखाना कायदा लागू होई, त्या दृष्टीनें विभागणी झाली असें तिसरें. वांटणीपत्र, घरपट्टीची नोंद किंवा हजेरीपुस्तक हातीं आल्यावांचून यांपैकीं एकही निश्चित मानूं नये.

बिलांवरील एककांवरून कापडाचें उत्पादन काढणारांस तर विशेष इशारा द्यावासा वाटतो. २००७ सालीं व्यवस्था बदलली त्या सुमारास भिवंडींत वितरणांतील गळती व वसुलींतील तूट मिळून पुरविलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येत नव्हते. अशा काळांतील बिलें ही वापराची अपुरी नोंद आहेत. त्याशिवाय मीटर बंद असतां सरासरीनें बिल देण्याची चाल होतीच. सलग बारा महिने तोच आंकडा दिसला तर तो मागाच्या नियमितपणाचा नव्हे, मीटर बंद असल्याचा पुरावा समजावा.

'कायम खंडित' या शेऱ्यावरूनही कारखाना बुडाला असें ठरत नाहीं. जागा विकली गेली असेल, किंवा नवा भोगवटादार नव्या नांवानें आला असेल. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांप्रमाणें पूर्वींच्या भोगवटादाराची थकबाकी नव्या भोगवटादाराकडून घेतां येत असे, परंतु वारस वगळतां ती सहा महिन्यांच्या रकमेपुरती मर्यादित होती. म्हणून नव्या अर्जाला जुन्या थकबाकीची पावती टांचलेली असेल तर ती काढून निराळी ठेवूं नये. एकाच जागेचे दोन भोगवटे जोडणारा तेवढाच दुवा उरलेला असण्याचा संभव असतो.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पुडकें जसें मिळेल तसेंच ठेवावें. बिलें एकीकडे व करार एकीकडे अशी विषयवार लावणी करूं नये. तें कोणत्या मोहल्ल्यांतून, कोणत्या वर्षीं, कोणाच्या हातून मिळालें याचें टिपण त्याच दिवशीं लिहावें. अलीकडील यंत्रावर छापलेल्या पातळ पावत्यांचीं अक्षरें थोड्या वर्षांत उडून जातात. त्यांच्या नकला प्रथम कराव्यात. ग्राहक क्रमांक हा दप्तराचा खरा धागा आहे, कारण वितरकाकडील खातेउतारा, ज्यास व्यवहारांत 'सीपीएल' म्हणतात, त्याच क्रमांकानें लागतो. तो वहींत टिपून ठेवावा, परंतु प्रसिद्ध करतांना तो व हयात माणसांचीं नांवें झांकावीं. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या व त्यापुढील वर्षांतील भारवाढीचे अर्ज कोणास मिळाल्यास ते विशेष जपावे. मुंबईचें कापडाचें काम भिवंडीच्या मागांवर किती व केव्हां आलें याचा निवाडा त्यांच्यावांचून नीट होणार नाहीं.

हल्लीं जोडणीचे अर्ज संगणकावरून करतां येतात, व कागदी दप्तर हा प्रकार आपल्या देखत संपत आला आहे. जें आहे त्यांत भर पडणार नाहीं. फार तर तें घटेल. मोडी दप्तरांच्या बाबतींत एवढी जाणीव होण्यास फार उशीर झाला आणि वाणसामानाच्या पुड्यांत कांहीं गेलें तें गेलें. भिवंडींत अद्यापि रद्दीच्या दुकानापर्यंत चालत जाण्याइतका अवकाश आहे.