निदण काढतांना

मेळघाटच्या डोंगरांत सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह गांव वसलें आहे. पावसाळ्यांत येथील शेतांतून निंदणी सुरू होते. पिकांत उगवलेलें तण उपटणें दिसतें सोपें. परंतु तणाचीं मुळें पिकाच्या मुळांत गुंतलीं असलीं म्हणजे तणाबरोबर पीकही हातांत येतें. प्रभु येशूनें सांगितलेल्या निदणाच्या दाखल्यांतील धनी आपल्या दासांना घाईनें निदण उपटूं देत नाहीं, त्याचें कारण हेंच. हा दाखला आपण उपासनेंत अनेकदां ऐकतों. संगणकांतील नको असलेले प्रोग्रॅम काढतांनाही तो तितकाच उपयोगी पडतो, हें मला मात्र चूक केल्यावर समजलें. तीच चूक इतरांच्या हातून होऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या वसतिगृहांतील जुन्या संगणकावर लिनक्सची डेबियन ही प्रणाली आहे. इयान मर्डॉक या तरुणानें १९९३ सालीं तिचा आरंभ केला. उबंटू ही प्रणाली आणि आपल्या देशांत सी-डॅक या संस्थेनें तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली, या दोन्ही तिच्याच पायावर उभ्या आहेत. या प्रणालींत प्रत्येक प्रोग्रॅम ‘पॅकेज’ या रूपानें, म्हणजे नीट बांधलेल्या पुडक्याप्रमाणें येतो. हीं पुडकीं आणणें, मांडणें व काढून टाकणें हें काम ‘एपीटी’ नांवाचा व्यवस्थापक करतो. १९९९ सालच्या डेबियन २.१ या आवृत्तीपासून तो या कामीं रुजू आहे. त्याला चित्रें किंवा बटणें लागत नाहींत; काळ्या पडद्यावर एक ओळ टंकून आज्ञा दिली कीं तो कामास लागतो.

एपीटीला वसतिगृहाच्या कोठीवरील कारभाऱ्याची उपमा शोभेल. कोणता जिन्नस कधीं आला, कोणासाठीं आला, कोणाचें कोणावांचून अडतें, हें सर्व त्याच्या वहींत लिहिलेलें असतें. कारण बहुतेक पॅकेजें एकमेकांच्या आधारानें चालतात. आपण एक प्रोग्रॅम मागितला तर त्याला लागणारीं दहा पॅकेजें कारभारी आपण होऊन आणतो, आणि ‘हीं मागितलेलीं नव्हेत, ओघानें आलेलीं आहेत,’ अशी खूण वहींत करून ठेवतो. हें परस्परावलंबन ज्याला समजलें, त्याला पॅकेज काढण्याची कला समजली.

आतां माझी चूक सांगतों. संगणकांतील जागा संपत आली होती. अनावश्यक काय आहे हें शोधतांना ‘आयबस’ नांवाचें एक पॅकेज दिसलें. नांवावरून कांहींच बोध होईना, तेव्हां तें निरुपयोगी असावें असें ठरवून मीं तें काढण्याची आज्ञा दिली. पडद्यावर एक यादी आली आणि ‘पुढें जाऊं काय?’ असा प्रश्न आला. यादी न वाचतांच मीं होकाराचें ‘वाय’ हें अक्षर दाबलें. पाठोपाठ उरलेलें झाडून नेण्याचीही आज्ञा दिली. दुसऱ्या दिवशीं संगणकावर मराठी अक्षर उमटेना! आयबस हें निरनिराळ्या भाषांत टंकन करविणारें साधन आहे, आणि मराठी कळफलक पुरविणारें ‘आयबस-एम१७एन’ हें पॅकेज त्याच्याच आधारानें उभें असतें. आधार काढला, तेव्हां त्याच्यावर उभें असलेलेंही गेलें. त्या संगणकावर आम्ही गांवांतील वृद्धांकडून ऐकलेले कोरकू शब्द देवनागरींत उतरवून घेत होतों. तें काम थांबलें.

येथें आपल्या गांवची एक विशेष अडचण ध्यानांत घ्यावी. पॅकेज काढण्यास इंटरनेट लागत नाहीं. परंतु तें परत आणावयाचें तर बहुधा लागतें. शहरांत पांच मिनिटांत सुधारणारी चूक, जेथें मोबाईलला खूण मिळण्याची मारामार, तेथें कित्येक दिवस तशीच राहते. ‘एपीटी-गेट’ ही या व्यवस्थापकाची जुनी आज्ञा आणलेल्या पुडक्याची एक प्रत संगणकांतच जपून ठेवते, व त्या प्रतीवरून पॅकेज पुनः बसवितां येतें. परंतु जागेच्या लोभानें मीं ‘एपीटी क्लीन’ ही आज्ञा देऊन तो सांठाही आधींच रिकामा केला होता. शेवटीं संगणक परतवाड्यास न्यावा लागला. सुदैवानें एपीटी आपल्या प्रत्येक कामाची नोंद ‘हिस्टरी.लॉग’ नांवाच्या रोजनिशींत करीत असतो. काय काय गेलें तें तींत वाचून सर्व परत बसविलें. मध्यें आठ दिवस फुकट गेले.

आतां योग्य रीत पाहूं. पुढील आज्ञा येथें उच्चाराप्रमाणें दिल्या आहेत. प्रत्यक्षांत त्या रोमन लिपींत टंकावयाच्या असतात, आणि त्यांच्यापूर्वीं अधिकारदर्शक ‘सुडो’ हा शब्द घालावयाचा असतो.

पहिली आज्ञा ‘एपीटी रिमूव्ह’ व तिच्यापुढें पॅकेजचें नांव. हिनें तें पॅकेज आणि त्याच्यावर अवलंबून असणारीं सर्व पॅकेजें जातात. परंतु त्यांच्या मांडणीच्या फाइली मागें राहतात. पुढें तेंच पॅकेज परत आणल्यास जुनी मांडणी तयार मिळते. झाड तोडावें आणि बुंधा राखावा, तसाच हा प्रकार होय.

दुसरी आज्ञा ‘एपीटी पर्ज’. हिनें प्रणालींतील त्या मांडणीच्या फाइलीही नाहींशा होतात. म्हणजे बुंधाही उरत नाहीं. तथापि आपल्या स्वतःच्या कप्प्यांतील लेख, चित्रें व खासगी मांडणी यांना ही आज्ञाही हात लावीत नाहीं.

तिसरी आज्ञा ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’. ओघानें आलेलीं आणि आतां कोणालाच न लागणारीं पॅकेजें हिनें निघून जातात व जागा मोकळी होते. परंतु कारभाऱ्याला आपल्या वहींत आहे तेवढेंच ठाऊक असतें. आपण परस्पर बसविलेला एखादा प्रोग्रॅम वहींत नसेल, तर त्याला लागणारें पॅकेजही कारभाऱ्यास निरुपयोगी वाटूं शकतें. असें पॅकेज राखावयाचें असल्यास ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेनें ‘हें मीं मागितलेलें आहे,’ अशी नोंद वहींत आधींच करवून घ्यावी.

परंतु या तिहींपेक्षां मोलाची आज्ञा आणखी एक आहे. ‘एपीटी’ या शब्दापुढें ‘-एस’ ही खूण घालून मग ‘रिमूव्ह’ इत्यादि लिहिलें, तर एपीटी प्रत्यक्ष कांहींही न काढतां, काय काय निघेल एवढेंच दाखवितो. ही रंगीत तालीमच म्हणावयाची. तिच्यांत येणारी यादी पहिल्या नांवापासून शेवटच्या नांवापर्यंत वाचावी. आपण एक नांव दिलें असतां यादींत वीस नांवें दिसलीं, तर तेथेंच थांबावें. अपरिचित नांव दिसल्यास ‘एपीटी शो’ ही आज्ञा देऊन तें पॅकेज काय काम करतें हें विचारावें. इंग्रजीचें भय वाटण्याचेंही कारण नाहीं. एपीटीचे संदेश ज्या भाषांत उतरविले गेले आहेत, त्यांत मराठीही आहे.

यादी न वाचण्याचा दोष केवळ आम्हां नवशिक्यांचाच आहे असें नाहीं. २०२१ सालीं लायनस सबॅस्टियन या कॅनडांतील प्रसिद्ध संगणक-समीक्षकानें पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर खेळांचें एक पॅकेज बसवावयास घेतलें. पॅकेजांच्या आपसांतील विरोधामुळें, तें बसविण्यासाठीं अत्यावश्यक पॅकेजें काढावीं लागतील, असा इशारा एपीटीनें दिला. ‘होय, मी सांगतों तसेंच कर,’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य पूर्ण टंकल्यावांचून पुढें जातां येत नव्हतें. त्यानें तें टंकलें, आणि पडद्यावरील सारी चित्रमय मांडणीच नाहींशी झाली! हा प्रसंग लाखों लोकांनीं त्याच्या चित्रफितींत पाहिला. पुढें एपीटीच्या कर्त्यांनीं अत्यावश्यक पॅकेजें काढणें अधिक कठीण करून ठेवलें. मूळ दोष त्या पॅकेजांच्या बांधणींत होता हें खरें. परंतु इशारा वाचला असता तर अनर्थ टळला असता, हेंही तितकेंच खरें.

यंत्र आज्ञाधारक असतें. शहाणपण मात्र आज्ञा देणाराजवळ असावें लागतें. दाखल्यांतील धन्यानें निदण कायमचें राहूं दिलें नाहीं. कापणीच्या वेळेपर्यंत तो थांबला, इतकेंच. विद्यार्थी बंधुभगिनींनीं संगणक अवश्य स्वच्छ ठेवावा. मात्र ‘वाय’ दाबण्यापूर्वीं पडद्यावरील यादी एकदां पूर्ण वाचावी. तिच्यांत आपला गहूं तर नाहीं ना, हें पाहण्यास एक मिनिट पुरतें. आमचे मात्र आठ दिवस गेले.