आमच्या रिव्हॉल्व्हरचा अर्ज

वडिलांच्या हाती अडकित्ता आणि आजोबांच्या हाती पळी, याहून जहाल शस्त्र आमच्या घराण्यात कोणी धरले नव्हते. पण माझे सोन्याचांदीचे लहानसे दुकान आहे. एका रात्री दुकान वाढवून स्कूटरवरून घरी येताना दोघांनी मोटारसायकल आडवी घातली. ऐवज तिजोरीत होता, पिशवीत जेवणाचा रिकामा डबा! डबा गेला आणि माझे मनगट मोडले. हाड सांधले, पण दुकानाला कुलूप घालताना हात कापू लागला तो लागलाच.

शेजारचे कापडवाले म्हणाले, "भाऊ, परवाना काढा. कमरेला दिसले की चोर दहा हात लांब!"

मी अर्ज केला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे जातो, आयुक्तालय नसेल तिथे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यात गोऱ्यांना मोकळीक आणि आपल्याला मज्जाव होता. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात गोरा-काळा भेद नाही, पण म्हणून शस्त्र बाळगणे हा कोणाचा हक्कही नाही. गरज पटवून द्यावी लागते. बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर सामान्य माणसाला मिळू शकते, नऊ मिलिमीटरचे पिस्तूल नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. मला एकाचीच धास्ती होती!

अर्जाबरोबर प्रकृतीचा दाखला हवा, त्यात डोके ठिकाणावर असल्याचाही. शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. घरी ते कुलपात ठेवीन, असे लिहून द्यावे लागते. हे सारे वाचताना २०१६ च्या नियमांत एक ओळ सापडली आणि मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचे ते म्यानात, तेही पूर्ण झाकून, मिरवायचे नाही. म्हणजे चोराला ते दिसायचेच नाही! मग तो दहा हात लांब राहणार कसा? कापडवाल्यांना विचारले, तर ते गिऱ्हाईक आल्याचे निमित्त करून आत गेले.

पोलीस चौकशीला घरी आले. सौ.ने चहा केला.

"साहेबांना राग येतो का हो, वहिनी?"

"आमटी अळणी झाली की येतो," सौ. म्हणाली.

त्यांनी काहीतरी टिपून घेतले. मला घाम फुटला. ते गेल्यावर सौ. म्हणाली, "किल्ली कुठे ठेवणार आहात? बंटूला मी लपवलेले लाडूसुद्धा सापडतात." बंटू आमचा नातू, वय वर्षे सहा. त्या रात्री मी घरातल्या एकूण एक जागा मनात चाळल्या. बंटूला ठाऊक नाही अशी एकही निघाली नाही.

मग मुलाखतीला बोलावणे आले. अधिकारी शांत गृहस्थ होते. "त्या रात्री रिव्हॉल्व्हर असते, तर काय केले असते?"

उत्तर पाठ करून गेलो होतो. पण मनगटाकडे लक्ष गेले. ते पहिल्याच फटक्यात मोडले होते, आणि तेही उजवे.

"साहेब, डब्याबरोबर तेही गेले असते."

ते हसले नाहीत. "विचार करून सांगा," एवढेच म्हणाले.

आठ दिवसांनी मी अर्ज मागे घेतला. भित्रा म्हणणारे म्हणाले. कापडवाल्यांनी मात्र स्वतःचा परवाना काढला. निवडणुकीच्या सुमारास हत्यार ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला, तेव्हा पावती घेऊन ते माझ्याच दुकानात येऊन बसले. गेल्या लक्ष्मीपूजनाला हवेत एक बार काढावा, अशी त्यांना हुक्की आली होती. जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मी सांगितल्यावर त्यांनी लवंगी माळेवर भागवले.

मी आता दिवस मावळायच्या आत दुकान वाढवतो. एक-दोन गिऱ्हाइके बुडतात. कुलूप घालताना हात अजून कापतो. तेव्हा मुलगा शेजारी उभा राहतो आणि किल्ली तोच फिरवतो.