शस्त्र परवाना आणि सार्वजनिक इमारतीचा उंबरठा

हिंगोली जिल्ह्यातील बहुतेक गावांत सार्वजनिक मालकीच्या इमारती मोजक्याच असतात. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, अंगणवाडी, एखाद्या ठिकाणी आरोग्य उपकेंद्र. आणि याच इमारतींत कधी वर्ग भरतात, कधी ग्रामसभा होते, तर निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र उभे राहते. परवाना घेऊन रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगणाऱ्या व्यक्तीला अशा इमारतीत शस्त्रासह जाता येते का, या प्रश्नाचे उत्तर देणारा एकच सलग कायदा भारतात नाही. ते उत्तर शस्त्र अधिनियम, परवान्यावरील अटी, पोलीस कायद्याखालील आदेश आणि निवडणूक कायदा यांत विखुरलेले आहे, आणि हे सर्व एकत्र वाचले असता असे दिसते की कायदा इमारत कोणाच्या मालकीची आहे याकडे फारसे पाहत नाही, तर त्या वेळी तिथे काय चालले आहे याकडे पाहतो.

मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये केलेल्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि बंदूक बाळगण्यासाठी परवाना अनिवार्य ठेवला. जिल्ह्यात हा परवाना जिल्हाधिकारी देतात, परंतु ते जिल्हादंडाधिकारी या नात्याने, म्हणजे शांतता व सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी असलेले अधिकारी म्हणून. त्याआधी अर्जदाराविषयी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो आणि तरीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात शाळा व शासकीय इमारती यांसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी घालता येते असे म्हटले. भारतात असा हक्कच नाही. उलट संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य दिले आहे, ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे बंधन परवान्याच्या कागदावरच छापलेले असते, आणि अनेक परवानाधारक ते एकदाही लक्षपूर्वक वाचत नसावेत. परवान्याच्या ठरीव नमुन्यातील अटीनुसार, जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली नसेल तर, परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा अन्य सार्वजनिक जमावात नेऊ नये, तसेच कोणत्याही शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये. या एका वाक्याचा हिंगोलीच्या संदर्भात अर्थ लावला, तर त्याची व्याप्ती ध्यानात येते. महाशिवरात्रीला औंढा नागनाथ येथे भरणारी यात्रा आणि हिंगोली शहरातील दसरा महोत्सव हे दोन्ही प्रसंग त्यात येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवार तर नावानिशी येते, मग परवानाधारक पालक असो, शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य असो वा गावचा पुढारी. ग्रामसभा हा सार्वजनिक जमावच आहे, असे मानणे या अटीच्या हेतूला धरून होईल. अट मोडल्यास अधिनियमाच्या कलम ३० नुसार शिक्षा होऊ शकते आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. परवाना अधिकाऱ्याच्या अशा आदेशाविरुद्ध कलम १८ नुसार अपील करण्याची सोय आहे.

दुसरा थर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चा. त्याच्या कलम ३७(१) नुसार जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी बंदुका, तलवारी, भाले, चाकू, इतकेच नव्हे तर काठ्या व लाठ्या घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात. सण, आंदोलने किंवा निवडणुका जवळ आल्या की निघणारे ‘जमावबंदी व शस्त्रबंदी’चे आदेश याच कलमातले आणि त्यालगतच्या ३७(३) मधले असतात. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय यांपैकी जमावबंदीचा आदेश पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालत नाही. शस्त्रबंदीचा आदेश लागू असेपर्यंत तहसील कार्यालय असो, पंचायत समिती असो वा बसस्थानक, परवाना असूनही शस्त्र घेऊन बाहेर पडणे बेकायदा ठरते.

मतदानाच्या दिवशी मात्र कायदा सर्वांत कठोर होतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १३४ब नुसार, कर्तव्यावरील निवडणूक अधिकारी, पोलीस आणि शांतता राखण्यासाठी नेमलेल्या व्यक्ती वगळता कोणालाही मतदान केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाता येत नाही. तसे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शस्त्र जप्त होऊ शकते आणि दोष सिद्ध झाल्यावर परवाना रद्द झाल्याचे मानले जाते. २६ एप्रिल २०२४ रोजी हिंगोली लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, त्या दिवशी खेड्यातील शाळेची खोली या कलमाच्या कक्षेत होती. दुसऱ्या दिवशी तीच खोली परवान्यावरील शाळेविषयीच्या अटीखाली परत आली. निवडणुका जाहीर झाल्यावर परवानाधारकांकडील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धतही आहे आणि कोणाची शस्त्रे जमा करावीत हे जिल्हास्तरीय छाननी समिती ठरवते.

यात एक पोकळी राहते. सणासुदीचा आदेश नाही, निवडणूक नाही, समोर शाळाही नाही, अशा साध्या दिवशी सातबारा घ्यायला तहसीलमध्ये येणाऱ्या परवानाधारकाला कमरेचे पिस्तूल दारात ठेवावे लागेल, असे सांगणारा सर्वसाधारण नियम शोधूनही स्पष्टपणे हाती लागत नाही. ही पोकळी क्षुल्लक नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर येथे, जमिनीच्या वादातून आलेल्या दोन गटांची माणसे बसलेली असताना, हिल लाइन पोलीस ठाण्यातील वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला; त्यात परवानाप्राप्त शस्त्र वापरल्याचा आरोप असून एका तत्कालीन आमदारांना अटक झाली आणि दालनातील कॅमेऱ्याचे चित्रण राज्याने पाहिले. ज्या इमारतीत पोलीसच बसतात, तिथेही शस्त्र थेट दालनापर्यंत पोहोचले, ही त्या घटनेतील सर्वांत चिंताजनक बाब होती. तहसील, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक कार्यालयांतही नेमके असेच जमिनीचे तंटे रोज येतात. तिथे तर बहुधा सशस्त्र पहाराही नसतो.

परवानाधारकाला शस्त्रासह शासकीय इमारतीत जावेच लागते, असाही एक प्रसंग असतो. नवीन शस्त्र विकत घेतल्यावर त्याची नोंद करण्यासाठी, तसेच नूतनीकरणाच्या वेळी, शस्त्र व परवाना तपासणीसाठी दाखवावे लागतात. अशा वेळी काडतुसे काढून, शस्त्र खोळीत किंवा पेटीत बंद ठेवून आणि दारातील पोलिसाला आधी सांगून नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. शस्त्रे जमा करून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात नोंदवही, कुलूपबंद कपाट आणि पोचपावती यांची व्यवस्था मुळात असतेच. तीच व्यवस्था जिल्हाधिकारी कार्यालय, पाचही तालुक्यांची तहसील कार्यालये आणि जिल्हा रुग्णालय यांच्या प्रवेशद्वारापाशी उभारली, आणि सोबत जिल्हादंडाधिकाऱ्यांनी परवान्याच्या नूतनीकरणावेळी या इमारतींची नावे अटीत घातली, तर परवानाधारकालाही आपण कुठे थांबायचे हे आधीच कळेल, आणि टेबलामागे बसलेल्या तलाठ्याला किंवा परिचारिकेला समोरच्या माणसाच्या सदऱ्याखाली काय आहे याचा विचार करत काम करावे लागणार नाही.